जाफराबादची बावीस मिनिटं

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या स्वतःच्या कानांवर बेतलेली आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं, मला राग नाही. पण तारखा माझ्या मोबाइलमध्ये आजही आहेत, आणि ज्यांच्यासमोर हे घडलं ती माणसं आजही जालन्यात राहतात.

दिवस होता २७ एप्रिल २०२३, गुरुवार. जागा, जुना जालना. आमच्या बँडच्या दुकानावरची खोली.

आणि रात्र नव्हती.

दुपारचे सव्वादोन वाजले होते. बाहेर असं ऊन की गल्लीत रिक्षासुद्धा नव्हती.

पण त्या दुपारचं सांगायच्या आधी मला माझ्याबद्दल एक वाईट गोष्ट सांगावी लागेल. ती लपवली तर बाकीचं कळणार नाही.

माझं नाव सुग्रीव. वय एकेचाळीस. मी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी वाद्याला हात लावला नव्हता. आजा मेंढरं राखायचा. बापानं मेंढरं विकून जालन्याच्या मोंढ्यात हमाली धरली. मला बँडमध्ये आणलं कारभारी मास्तरांनी.

मास्तर तरुणपणी सिकंदराबादला मिल्ट्रीच्या बँडात होते. तिथून निघताना एका म्हाताऱ्या वादकानं त्यांना चौदा कॅसेटी दिल्या होत्या. सगळ्या जॅझच्या. आणि सगळ्या लाइव्ह, म्हणजे परदेशातल्या कुठल्यातरी हॉटेलात, समोर लोक बसलेले असताना वाजवलेल्या.

वाजवणाऱ्यांची नावं इंग्रजीत खरडलेली होती. ती मास्तरांनाही नीट लागायची नाहीत. म्हणून त्यांनी एक ते चौदा नंबर टाकले होते. आम्ही नंबरानंच ओळखायचो.

सीझन नसला की मास्तर दुपारी शटर अर्धं ओढून टेप लावायचे. आधी कपबशांचा आवाज यायचा. कुणी खोकायचं. एखादी बाई हसायची. आणि त्या सगळ्यातून हळूच सॅक्स वर यायचा.

"कान देऊन ऐक," मास्तर म्हणायचे. "स्टुडिओत चुकलं तर परत वाजवता येतंय. इथं समोर माणसं बसलीत. चुकला तर चुकला. तिथून तो कसा निघतोय ते ऐक."

माझी आवडती सहा नंबरची. संथ चाल, एकही सूर फालतू नाही. मी ती ऐकून ऐकून जशीच्या तशी बसवली. दोन वर्षं लागली. मग एक दिवस मास्तरांना वाजवून दाखवली.

मास्तर म्हणाले, "बराबर."

एवढंच.

त्यानंतर चार वर्षांनी देवानंद आला.

देवानंद माझ्या मावशीचा मुलगा. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मला दादा म्हणायचा. त्याला बँडमध्ये मीच आणला, सॅक्स हातात धरायला मीच शिकवलं.

त्याची आवडती कॅसेट अकरा नंबरची. तिच्यात वाजवणारा मधेच चुकतो. स्पष्ट कळतं. समोर बसलेला एक जण हसतोसुद्धा. मग तो वाजवणारा तोच चुकलेला सूर परत घेतो, परत घेतो, फिरवतो... आणि पुढची सगळी चाल त्या चुकीवरच उभी करतो. देवानंद ती जागा मागे घेऊन घेऊन ऐकायचा. त्यानं ती कधी बसवली नाही. नुसती ऐकली.

वर्षभरानं एका दुपारी तो दुकानात सहज काहीतरी वाजवत बसला होता. कुठलंच गाणं नव्हतं ते.

मास्तरांनी टोपी काढली. टोपीनंच डोळे पुसले.

माझ्यासाठी मास्तरांनी कधी डोळे पुसले नव्हते.

त्या दिवसापासून मी जळायला लागलो. हा शब्द साधा आहे, पण माझं जळणं साधं नव्हतं. मी जेवताना जळायचो. बँडचा ड्रेस घालताना जळायचो. दसऱ्याला तो सोनं घेऊन माझ्या पाया पडायचा, त्याच्या पाठीवर हात ठेवताना जळायचो.

एकदा लग्नाच्या ऐन वेळी मी त्याची चांगली रीड माझ्या खिशात टाकली. रीड म्हणजे सॅक्सच्या तोंडाला बसवायची पातळ पट्टी, आवाज तिच्यातूनच निघतो. तो चिरलेल्या जुन्या रीडवर वाजवत राहिला.

तरी लोकांनी आणखी वाजव म्हणून त्यालाच थांबवून घेतलं.

आता जाफराबाद.

फेब्रुवारी २०२२. आम्ही तिथं एका लग्नाला गेल्तो. लग्न लागलं, जेवणं झाली, दिवेलागणीची वेळ. नवरीला न्यायला येणारी गाडी रस्त्यात पंक्चर झालेली, त्यामुळे बिदाई अडकली. तेवढ्यात लाइट गेली. जनरेटरवाला आपलं सामान उचलून निघून गेल्ता. मांडवात शंभरएक माणसं नुसती बसून होती.

एक म्हातारे बाबा म्हणाले, "बँडवाले, बसलेच हायेत तर वाजवा की कायतरी."

आम्ही सगळे दमलो होतो. देवानंदनं खुर्ची पुढं ओढली आणि सुरू केलं.

मला ते लिहून सांगता येणार नाही. ते लग्नातलं वाजवणं नव्हतं. तो अकरा नंबरवाल्यासारखा मुद्दाम आडवाटेला जायचा आणि तिथून परत यायचा. मधेच एक तान्हं लेकरू रडलं. देवानंदनं तो रडण्याचा सूर उचलला, सॅक्सवर त्याला उत्तर दिलं. लेकरू गप्प झालं. कुठंतरी स्टीलचे ग्लास एकमेकांवर वाजले. ते बाबा दर थोड्या वेळानं हळूच म्हणायचे, "अरे बाप्पा..."

माझा हात आपोआप खिशात गेला. मी मोबाइल गुडघ्यावर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

शेवटी देवानंद म्हणाला, "पाणी द्या ना कुणी." लोक हसले. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

बावीस मिनिटं, चौदा सेकंद.

दुसऱ्या दिवशी दुकानात साहेबरावनं, म्हणजे आमच्या ड्रमवाल्यानं, मास्तरांना सगळं सांगितलं, ते बाबा, ते ग्लास, ते लेकरूसुद्धा. मास्तर सत्तरी ओलांडलेले, बाहेरगावी येत नव्हते. त्यांनी विचारलं, "रेकॉर्डिंग केलं का कुणी?"

देवानंदनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "करून राह्यलो होतो मास्तर. पण चार्जिंगच संपली."

देवानंद थोडा हसला आणि सॅक्स पुसायला लागला.

त्यानंतर मी माझी सहा नंबरची कधी लावली नाही. मी जाफराबादचं ऐकायचो. कानात इअरफोन घालून, एकटा, घराच्या गच्चीवर. शंभर वेळा ऐकलं असेल. कुठल्या मिनिटाला ग्लास वाजतो, कुठं बाबा बोलतात, मला पाठ झालं होतं. मी आयुष्यात ऐकलेलं ते सगळ्यात भारी लाइव्ह रेकॉर्डिंग होतं, आणि ते माझं नव्हतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये देवानंद गेला.

उसाचे दिवस होते. अंकुशनगरकडून मोटारसायकलवर येत होता. संध्याकाळी रस्त्यात उसाची ट्रॉली उभी, मागं लाल दिवा नाही. जागच्या जागी गेला. सत्तावीस वर्षांचा होता. पोरगी तीन महिन्यांची.

मी त्याच्या मातीला रडलो. खरं रडलो.

पण सगळं खरं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो. सरणापाशी उभा असताना माझ्या मनात येऊन गेलं... आता सॅक्सला मीच.

आता २७ एप्रिलची दुपार.

मास्तर घरी जेवायला गेल्ते. मी वरच्या खोलीत एकटा बसून सॅक्सच्या चाव्यांना तेल देत होतो. भिंतीला आमचे लाल ड्रेस टांगलेले. जिन्यावर चपलांचा आवाज आला.

सत्यशीला होती. देवानंदची बायको. कडेवर पोरगी, छकुली. उन्हातून चालत आल्ती, पोरीच्या डोक्यावर ओला रुमाल.

मी पाणी दिलं. ती बसली नाही.

"दादा, एक विचारायचं व्हतं."

"विचार की."

"यांचं वाजवलेलं काही हाये का तुमच्याकडं? माझ्या मोबाइलमधी नुसते फोटो हायेत. लग्नातल्या व्हिडिओत सगळा बँडच ऐकू येतो, यांचं येगळं कळत न्हाई."

मी म्हणालो, "बघावं लागंल."

"साहेबराव भाऊजी म्हणले, जाफराबादला तुम्ही मोबाइल धरून बसलते."

मी सॅक्सवरचं तेल पुसायला लागलो.

"हिला बापाचा आवाज म्हाईत न्हाई, दादा. निदान वाजवलेलं तरी ऐकंल."

मोबाइल माझ्या शेजारी सतरंजीवर पडला होता. हात लावला असता तर पाच सेकंदांचं काम होतं.

मला त्या क्षणी काय दिसलं सांगतो. सत्यशीला ते मास्तरांना ऐकवील, हे दिसलं. मास्तर टोपी काढतील, हे दिसलं. मग ते गावभर फिरेल, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जाईल. आणि मी कुठंही सॅक्स तोंडाला लावला की लोक म्हणतील, चांगला वाजवतो, पण त्याचा भाऊ ऐकायला पाहिजे होता.

मेलेल्या माणसाच्या पुढं कसं जायचं?

मी म्हणालो, "चार्जिंग संपलती गं त्या दिवशी. काहीच आलं न्हाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जिना उतरून गेली.

मी ठरवलं, हे मिटवून टाकायचं. आजच. पण मिटवायच्या आधी एकदा ऐकायचं.

सव्वादोनला मी इअरफोन लावले आणि चालू केलं.

सॅक्स सुरू झाला. नेहमीसारखा.

तिसऱ्या मिनिटाला ग्लास वाजतात.

तिसरं मिनिट गेलं...

ग्लास वाजले नाहीत.

मला वाटलं माझं लक्ष नसेल. मागे घेतलं. परत ऐकलं. नाही वाजले.

पाचव्या मिनिटाला बाबा म्हणतात, "अरे बाप्पा."

म्हणाले नाहीत.

आठव्या मिनिटाला ते लेकरू रडतं. मी श्वास धरून बसलो. तिथं सॅक्सनं उत्तर दिलं... पण उत्तर कशाला दिलं? लेकरू रडलंच नव्हतं.

मांडवात शंभर माणसं होती. त्यांचं खोकणं, खुर्च्या सरकवणं, कुजबुजणं, काहीच येत नव्हतं. सगळे उठून गेल्यासारखे. रिकाम्या जागेत एकटा सॅक्स.

बाराव्या मिनिटाला सॅक्स थांबला.

तो तिथं कधीच थांबलेला नाही. मला पाठ आहे.

मी मोबाइलकडे पाहिलं. सेकंद पुढं जात होते. बारा मिनिटं दहा. बारा वीस. नुसती शांतता.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

पावलं आली. हळू... जवळ. जाफराबादला त्या संध्याकाळी मोबाइल माझ्या गुडघ्यावर होता, म्हणजे ती पावलं माझ्याकडेच येत होती.

मग अगदी कानाशी श्वास. दमलेल्या माणसाचा, खूप वेळ वाजवल्यावर लागतो तसा.

आणि देवानंदचा आवाज. रागाचा नाही. जेवताना मीठ मागावं इतका साधा.

"दादा, तुझी चार्जिंग तर हाये की."

मी इअरफोन ओढून फेकले. खोलीत कुणी नव्हतं. पंखा फिरत होता, टांगलेले ड्रेस हलत होते. माझी बनियन पाठीला चिकटली होती.

मी फाइल डिलीट केली. ट्रॅशमध्ये जाऊन तिथूनही काढली. ट्रॅश रिकामा दिसेपर्यंत बघत बसलो. घाईत दोनदा चुकीचं बटणही दाबलं गेलं होतं.

संध्याकाळी मास्तर आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "ऊन लागलं का रे?"

मी हो म्हणालो.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर माझं जळणं संपलं असेल.

वाढलं.

दोन-चार दिवसांत भीती ओसरली आणि मी स्वतःला समजावलं, उन्हात डोकं तापलं होतं, मनात अपराध होता, भास झाला. आता ते रेकॉर्डिंग जगात नव्हतं. आता माझं पाहिजे होतं. माझं लाइव्ह. समोर माणसं बसलेली, मी वाजवतोय, आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी.

१४ मे, रविवार. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात लग्न होतं, सकाळचा मुहूर्त. जेवणावळ चालू असताना मी साहेबरावला माझा मोबाइल दिला.

"धर. मी वाजवून राह्यलो. शेवटपर्यंत बंद करू नको."

मी वाजवलं. अठरा मिनिटं. खोटं नाही सांगत, इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. जेवणारे थांबून ऐकत होते. संपल्यावर टाळ्या पडल्या. साहेबरावसुद्धा म्हणाला, "आज काय झालं तुला, भारी वाजवलं."

दुपारी तीनला दुकानात आलो. मास्तर गादीवर बसले होते. मी मोबाइल त्यांच्यापुढं ठेवला. "ऐका मास्तर, आजचं हाये."

चालू केलं.

माझा सॅक्स आला. स्वच्छ. पंगतीचा गलका, वाढप्यांचे आवाज, सगळं बरोबर. मास्तर मान हलवत होते. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो.

अठरा मिनिटं झाली. माझा शेवटचा सूर लांबला... संपला.

आता टाळ्या पडतात.

टाळ्या नाही आल्या.

स्टीलचे ग्लास एकमेकांवर वाजले.

मी तो आवाज कुठंही ओळखीन.

मग एक म्हातारा आवाज. हळू. "अरे बाप्पा..." पण कौतुकाचं नव्हतं ते. वाट बघून कंटाळलेल्या माणसाचं होतं.

एक तान्हं लेकरू रडायला लागलं. रडतच राहिलं. कुणी उत्तर देईना.

आणि मग शंभर माणसांच्या त्या शांततेतून तेच बाबा म्हणाले,

"झालं का याचं? मंग आता त्याला वाजवू द्या."

मास्तरांनी हात लांब करून मोबाइल बंद केला.

साहेबराव दारात उभा होता. तो म्हणाला, "हे तिथलं न्हाई. तिथं असं कुणी बोललंच न्हाई. मीच धरला व्हता मोबाइल."

मास्तर माझ्याकडे बघत होते.

"सुग्रीव," ते म्हणाले, "जाफराबादचं तुझ्याकडं हाये."

त्यांनी विचारलं नाही. सांगितलं.

मी खाली मान घालून सगळं बोललो. रीड लपवल्यापासून सगळं. सत्यशीला दारात येऊन गेली तेही. मास्तर शेवटी म्हणाले, "ती पोर उन्हात चालत आल्ती, आन् तू न्हाई म्हणलास."

"मिटवलं मी, मास्तर. आता कुठून आणू?"

"बघ."

"ट्रॅशमधूनबी काढलं."

"बघ म्हणलं ना."

मी ट्रॅश उघडला.

एक फाइल होती.

बावीस मिनिटं, चौदा सेकंद.

मी आजही स्वतःला सांगतो की २७ एप्रिलला मी घाईत होतो, बटण नीट दाबलं गेलं नसेल. पण तो ट्रॅश रिकामा झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

आम्ही तिघे तसेच सत्यशीलाच्या घरी गेलो. ती चुलीपुढं होती, छकुली सतरंजीवर खेळत होती. मास्तर म्हणाले, "पोरी, बस. याच्यापाशी व्हतं ते. यानं दिलं न्हाई. त्याचं काय करायचं ते तू नंतर कर. आधी ऐक."

मोबाइल मधे ठेवला. मी बटण दाबलं.

सेकंद चालू झाले.

मी वाट बघत होतो. ग्लास वाजले. लोक खोकले. खुर्च्या सरकल्या. सगळे परत आले होते. सगळं जसंच्या तसं...

सॅक्स नव्हता.

मला वाटलं, गेलं. आपल्या पापानं मिटलं. मी सत्यशीलाकडे पाहिलं.

तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ती हसत होती. साहेबरावचं बोट गुडघ्यावर ठेका धरून होतं. मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"बंद पडलंय का हे?" मी विचारलं.

कुणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

आठव्या मिनिटाला ते लेकरू रडलं. मग शांतता. मला तिथं नुसती शांतता ऐकू आली. पण सतरंजीवर बसलेली छकुली एकदम खुदकन हसली, आणि मोबाइलकडे रांगत गेली.

बावीस मिनिटं मी त्या चौघांची तोंडं बघत बसलो.

संपल्यावर मास्तरांनी डोळे पुसले. म्हणाले, "माझ्या चौदाच्या चौदा कॅसेटी एकीकडं. हे एकीकडं."

सत्यशीलानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दादा, तुम्ही हे इतके दिवस एकटेच ऐकून राह्यलते?"

मी हो म्हणालो.

"मंग आता आम्ही ऐकतो," ती म्हणाली.

नंतर मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. मशीन लावून तपासलं. कान एकदम ठीक. रस्त्यातला हॉर्न ऐकू येतो, माझा सॅक्स ऐकू येतो, मास्तरांच्या चौदा कॅसेटी ऐकू येतात. दुसऱ्याच्या मोबाइलवर लावून बघितलं, मोठ्या स्पीकरवर लावून बघितलं. मला फक्त ती माणसं ऐकू येतात. वाट बघत बसलेली. तोंडपाठ होतं मला ते सगळं. आता आठवायला गेलो तर एक सूर आठवत नाही.

त्या खेड्यातलं माझं रेकॉर्डिंग मी परत कधी लावलं नाही. ठेवलंय. पुढं आणखी कुणी काही बोललंय का, ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

साहेबराव म्हणतो, पूजा घाल. मास्तर म्हणतात, पूजेनं काय होतंय, तू आणखी जळून राह्यला का ते सांग. मी रीड बदलायला घेतो.

आता छकुली चौथ्या वर्षात आहे. सत्यशीला रविवारी तिला दुकानात घेऊन येते. पोरगी मास्तरांच्या मांडीवर बसते आणि गुणगुणते. बापाचं जाफराबादचं तिला सगळं पाठ आहे म्हणतात. कुणी शिकवलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये नाहीत अशाही जागा घेते, साहेबराव सांगतो, आणि सांगताना त्याच्या अंगावर काटा येतो.

परवा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मोठेबाबा, हे तुम्हाला येतं का?" म्हणाली, आणि तोंड उघडलं.

तिचे ओठ हलत होते. मास्तर डोळे मिटून डोलत होते.

मला पंख्याचा आवाज येत होता.

मला घाबरायला पाहिजे होतं, नाही का? मी त्या साडेतीन वर्षांच्या पोरीच्या गळ्याकडे बघत होतो, आणि मी जळत होतो.